स्पॅनिश क्रियापदें व त्यांचे इंग्रजी सगेसोयरे



महिनाअखेर जवळ आली म्हणजे घरोघरीं ज्याची वाट पाहिली जाते तो ‘पगार’ हा शब्द मूळचा आपला नव्हे. तो पोर्तुगीज लोकांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि येथलाच होऊन राहिला. आपल्याकडे तो नाम म्हणून वावरतो. त्याच्या मूळ घरीं मात्र तें क्रियापद आहे. पोर्तुगीज भाषेंत ‘पगार’ म्हणजे पैसे देणें, देणें चुकतें करणें. पोर्तुगीजची सख्खी बहीण जी स्पॅनिश, तिच्यांतहि हें क्रियापद जसेंच्या तसें आहे. आतां इंग्रजींतील ‘पे’ हा शब्द घ्या. वरवर पाहतां ‘पे’ आणि ‘पगार’ यांचें कांहीं नातें असेल असें वाटत नाहीं. परंतु दोघांचा मूळपुरुष एकच. ‘पाकारे’ हें लॅटिन क्रियापद. ‘पाक्स’ म्हणजे शांतता आणि ‘पाकारे’ म्हणजे शांत करणें. धनकोचें देणें चुकतें केलें कीं त्याचा तगादा शांत होतो. या व्यवहारांतूनच ‘शांत करणें’ याचा अर्थ ‘पैसे देणें’ असा झाला. स्पॅनिश व पोर्तुगीज मुखांत मधल्या ‘क’चा ‘ग’ झाला. फ्रेंच मुखांत तो विरघळून गेला आणि तेंच झिजलेलें रूप इंग्रजांनीं उचललें. म्हणून पे-स्लिप हातीं घेऊन ‘पगार झाला’ म्हणणारा मनुष्य एकाच घराण्यांतील दोन भावंडांचीं नांवें एका दमांत घेत असतो.

हें घराणें फार मोठें आहे. स्पॅनिश ही आज सुमारे ५० कोटी लोकांची मातृभाषा आहे आणि २० देशांची राजभाषा आहे. इंग्रजी जाणणारा मनुष्य ती शिकूं लागला म्हणजे त्याला पदोपदीं ओळखीचे चेहरे दिसतात. परंतु तेच चेहरे कधीं हुलकावणीहि देतात. इंग्रजी व स्पॅनिश यांच्या क्रियापदांचें हें नातें कसें जुळलें, आणि लॅटिनच्या वारशाचा सरळ वारसदार या दोहोंत कोण, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. मी मुद्दाम क्रियापदेंच निवडलीं आहेत. नाम ही उसनी घेण्याजोगी वस्तु आहे. नवा जिन्नस आला कीं त्याचें नांवहि येतें. क्रियापद हें भाषेचें हाड आहे. इ. स. ७११ मध्यें अरब स्पेनांत उतरले आणि पुढें कित्येक शतकें त्या देशाच्या मोठ्या भागावर त्यांची सत्ता होती. त्या काळांत स्पॅनिश भाषेंत अरबी नामें हजारोंनीं शिरलीं. परंतु क्रियापदें फार थोडीं. खाणें, पिणें, येणें, जाणें, बोलणें हें सर्व लॅटिनच राहिलें.

प्रथम इतिहास पाहूं. रोमन सैन्य स्पेनच्या किनाऱ्यावर उतरलें तें इ. स. पूर्वीं २१८ मध्यें, कार्थेजशीं चाललेल्या युद्धाच्या निमित्तानें. सबंध देश ताब्यांत यावयास मात्र ऑगस्टस बादशहाच्या कारकीर्दींतलें इ. स. पूर्वीं १९ हें साल उजाडावें लागलें. या दोनशें वर्षांत आणि पुढील चार शतकांत शिपाई, वसाहतवाले, व्यापारी व गुलाम यांच्या तोंडची लॅटिन तेथल्या मातींत रुजली. ती कांहीं सिसेरोच्या व्याख्यानांतील लॅटिन नव्हती. ती बाजाराची, छावणीची आणि चुलीपाशीं बोलली जाणारी लॅटिन होती. आई मुलाला जी भाषा शिकवीत गेली, तीच पिढ्यान् पिढ्या बदलत बदलत आजची स्पॅनिश झाली. या दोहोंमध्यें खंड असा कधीं पडलाच नाहीं.

ब्रिटनमध्यें असें झालें नाहीं. तेथें इ. स. ४३ मध्यें रोमन आले व सुमारे ४१० च्या सुमारास त्यांची सत्ता संपली. त्यानंतर आलेल्या अँगल व सॅक्सन लोकांची भाषा जर्मन कुळांतली होती, आणि तीच इंग्रजीची खरी जननी होय. इंग्रजींत लॅटिन शिरली ती नंतर, आणि मुख्यतः दोन दारांनीं. पहिलें दार १०६६ सालीं उघडलें. नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें आणि राजदरबार, न्यायालय व सरदारांची भोजनगृहें यांत फ्रेंच भाषा बसली. तिच्यामागून झिजलेली लॅटिन आली. दुसरें दार सोळाव्या व सतराव्या शतकांत सताड उघडलें. तेव्हां विद्वानांनीं ग्रंथांतून लॅटिन शब्द थेट उचलून आपल्या लेखनांत बसविले. तात्पर्य, स्पॅनिशला लॅटिन क्रियापदें दुधाबरोबर मिळालीं. इंग्रजीला तीं दरबारांतून व ग्रंथालयांतून मिळालीं.

दुधाबरोबर मिळालेला शब्द झिजतो, आणि झिजलेला शब्द पंडितांना अशुद्ध वाटतो. याचा एक मोठा मौजेचा पुरावा शिल्लक आहे. प्रोबस नांवाच्या वैयाकरणाच्या ग्रंथाच्या हस्तलिखितास जोडलेली एक यादी सांपडली आहे. तिचा कर्ता कोण हें अज्ञात आहे. तिचा काळ पंडित तिसऱ्यापासून सातव्या शतकापर्यंत निरनिराळा मानतात. परंतु यादी वाचली कीं कर्ता कोणत्या जातीचा मनुष्य होता हें ओळखावयास कठीण नाहीं. तो आम्हां शाळामास्तरांपैकीं असावा. त्यानें २२७ नोंदी केल्या आहेत, आणि प्रत्येकीचा सांचा एकच: हें रूप शुद्ध, तें अशुद्ध. डोळा या अर्थीं ‘ओकुलुस’ म्हणा, ‘ओक्लुस’ म्हणूं नका. आरसा या अर्थीं ‘स्पेकुलुम’ म्हणा, ‘स्पेक्लुम’ म्हणूं नका, असा त्याचा आग्रह. आज स्पॅनिशांत डोळ्याला ‘ओखो’ आणि आरशाला ‘एस्पेखो’ म्हणतात. हे शब्द निघाले ते त्या मास्तरानें चूक ठरविलेल्या ‘ओक्लुस’ व ‘स्पेक्लुम’ या रूपांपासून! त्याचा शुद्ध ‘ओकुलुस’ कोठें राहिला म्हणाल, तर इंग्रजींत डोळ्यांच्या वैद्याला ‘ऑक्युलिस्ट’ म्हणतात त्यांत. म्हणजे अशुद्ध रूपाला संसार मिळाला आणि शुद्ध रूपाला दूरदेशीं वैद्याच्या दारावरची पाटी मिळाली.

क्रियापदांचें तेंच झालें. परंतु ही झीज बेशिस्त नव्हती. तिला नियम आहेत, आणि ते नियम ध्यानांत आले कीं इंग्रजी आप्ताची ओळख आपोआप पटते.

पहिला नियम असा: लॅटिन शब्दाच्या आरंभींचा ‘फ’ स्पॅनिशांत पुष्कळदां ‘ह’ झाला आणि पुढें तो ‘ह’हि मुका झाला, लिहितात, पण उच्चारीत नाहींत. लॅटिन ‘फाकेरे’ म्हणजे करणें. त्याचें स्पॅनिश ‘आथेर’ झालें. इंग्रजींत मात्र तो ‘फ’ ग्रंथांतून आल्यामुळें शाबूत आहे: ‘फॅक्ट’ म्हणजे केलेली, घडलेली गोष्ट, आणि ‘फॅक्टरी’ म्हणजे करण्याची जागा. ‘फाबुलारी’ म्हणजे गप्पागोष्टी करणें. त्याचें ‘आब्लार’, म्हणजे बोलणें. इंग्रजी आप्त ‘फेबल’. ‘फुगेरे’ म्हणजे पळणें, त्याचें ‘उइर’, इंग्रजी आप्त ‘फ्युजिटिव्ह’ व ‘रेफ्यूज’. ‘फेर्वेरे’ म्हणजे उकळणें, त्याचें ‘एर्विर’, इंग्रजी आप्त ‘फर्व्हंट’. यांत आपल्याला नवल वाटण्याचें कारण नाहीं. संस्कृत ‘भवति’ पासून आपलें ‘होणें’ आलें आणि ‘लिख्’ पासून ‘लिहिणें’ आलें. ‘भ’ आणि ‘ख’ यांचा आपल्याकडे जो ‘ह’ झाला, त्याच जातीची ही गोष्ट.

दुसरा नियम: आरंभींच्या ‘क्ल’ व ‘प्ल’ या जोडाक्षरांचा स्पॅनिशांत एक मऊ वर्ण झाला. लिहितांना तेथें दोन ‘एल’ अक्षरें काढतात. त्यांचा जुना उच्चार ‘ल्य’, आणि आज बहुतेक ठिकाणीं नुसता ‘य’. ‘क्लामारे’चें ‘ल्यामार’ झालें, म्हणजे हांक मारणें. इंग्रजींत ‘क्लेम’ व ‘एक्स्क्लेम’. ‘प्लोरारे’चें ‘ल्योरार’, म्हणजे रडणें, इंग्रजींत ‘डिप्लोअर’. ‘प्लेनुस’ म्हणजे भरलेला, त्यावरून ‘ल्येनार’, म्हणजे भरणें; इंग्रजींत ‘प्लेंटी’. ‘प्लिकारे’ म्हणजे घडी घालणें. इंग्रजींत ‘अप्लाय’ व ‘कॉम्प्लिकेट’. त्याचेंच स्पॅनिश ‘ल्येगार’ झालें, पण अर्थ झाला पोंचणें! बंदरांत पोंचल्यावर खलाशी शिडें गुंडाळतात, त्यावरून हा अर्थ आला असें एक प्रचलित स्पष्टीकरण आहे. गंमत अशी कीं, लॅटिनचीच दुसरी कन्या जी रुमानियन, तिच्यांत याच मुळापासून निघालेल्या क्रियापदाचा अर्थ ‘निघून जाणें’ असा आहे; कारण तिकडे शिपाई तंबू गुंडाळून निघत, असें सांगतात.

तिसरा नियम: दोन स्वरांमध्यें सांपडलेलें कठोर व्यंजन मृदु होतें, आणि मृदु असेल तें बहुधा लुप्त होतें. ‘सापेरे’चें ‘साबेर’, म्हणजे जाणणें, इंग्रजींत ‘सेपियंट’. ‘सेकारे’चें ‘सेगार’, म्हणजे कापणी करणें. इंग्रजींत ‘सेक्शन’ व ‘इन्सेक्ट’. ‘विदेरे’ म्हणजे पाहणें, त्यांतील ‘द’ गळाला व ‘बेर’ उरलें, इंग्रजींत ‘व्हिजन’. ‘औदिरे’चें ‘ओइर’, म्हणजे ऐकणें, इंग्रजींत ‘ऑडियन्स’. ‘क्रेदेरे’चें ‘क्रेएर’, म्हणजे विश्वास ठेवणें, इंग्रजींत ‘क्रेडिट’. संस्कृत ‘खाद्’ मधील ‘द’ आपल्या ‘खाणें’ मध्यें असाच गळाला आहे.

झिजण्याची परमावधि पाहावयाची असेल तर जेवणाच्या क्रियापदाकडे पाहावें. लॅटिनांत खाणें म्हणजे ‘एदेरे’. हा शब्द तोकडा पडूं लागला, म्हणून त्यास ‘कोम्’ हा उपसर्ग लावून ‘कोमेदेरे’ म्हणूं लागले. स्पेनमध्यें त्याचें ‘कोमेर’ झालें. यांत ‘कोम्’ हा उपसर्ग आहे आणि ‘एर’ हा प्रत्यय आहे. परंतु खाण्याचा मूळ धातु जो ‘एद्’, तो मधल्यामध्यें नाहींसा झाला! इंग्रजींत तो ‘एडिबल’ या ग्रंथांतून घेतलेल्या शब्दांत सुरक्षित आहे. आपल्याकडे तोच धातु ‘अद्’ या रूपानें ‘अन्न’ या शब्दांत नांदतो आहे.

आतां इंग्रजी बाजू पाहूं. ज्यानें शब्द ग्रंथांतून घेतला, त्यानें तो कोणत्या रूपांत घेतला यावर पुष्कळ अवलंबून असतें. इंग्रज विद्वानांनीं लॅटिन क्रियापदाचें बहुधा भूतकालवाचक विशेषण उचललें. ‘सेपारारे’ म्हणजे वेगळें करणें, ‘सेपारातुस’ म्हणजे वेगळें केलेलें. या दुसऱ्या रूपापासून इंग्रजी ‘सेपरेट’ आलें. म्हणूनच हा शब्द इंग्रजींत विशेषणहि आहे आणि क्रियापदहि आहे. स्पॅनिशांत मूळ क्रियापदच ‘सेपारार’ असें आहे. ‘क्रिएट’ला ‘क्रेआर’, ‘कम्युनिकेट’ला ‘कोमुनिकार’, ‘नॅरेट’ला ‘नार्रार’ अशी ही जोडी लांबवर लावतां येते. विद्यार्थ्याला शेंकडों शब्द पाठ करण्यापेक्षां एवढें एक सूत्र समजलें तर त्याचे श्रम किती वांचतील!

फ्रेंचांच्या दारानें आलेल्या कुटुंबांची गोष्ट निराळी. ‘तेनेर’ म्हणजे धरणें, जवळ असणें. त्यापासून स्पॅनिशांत ‘कोन्तेनेर, देतेनेर, मान्तेनेर, ओब्तेनेर, रेतेनेर, सोस्तेनेर’ झालीं. इंग्रजींत त्याच क्रमानें ‘कन्टेन, डिटेन, मेन्टेन, ऑब्टेन, रिटेन, सस्टेन’. सहाला सहा, एकाहि आप्ताची अनुपस्थिति नाहीं. परंतु ‘पोनेर’ म्हणजे ठेवणें, या घराण्यांत एक दत्तकाचें प्रकरण आहे. स्पॅनिश ‘कोम्पोनेर, प्रोपोनेर, ओपोनेर’ यांच्यासमोर इंग्रजींत ‘कम्पोज, प्रपोज, अपोज’ उभीं राहतात. अर्थ जुळतो, रूपहि बरेंचसें जुळतें. पण हा ‘पोज’ जन्मानें ‘पोनेरे’चा नव्हे. तो थांबणें या अर्थाच्या ‘पाउसारे’ या दुसऱ्याच लॅटिन क्रियापदाचा मुलगा. फ्रेंचांत दिसण्याच्या सारखेपणामुळें तो ‘पोनेरे’च्या घरांत शिरला आणि तेथलीच दौलत संभाळूं लागला. औरस संतति पाहावयाची तर ‘पोझिशन’, ‘डिपॉझिट’ व ‘कम्पोनंट’ या शब्दांत पाहावी.

एवढ्यावरून स्पॅनिश म्हणजे सर्व मुखाची आणि इंग्रजी म्हणजे सर्व ग्रंथांची, असा समज कोणीं करून घेऊं नये. स्पॅनिश पंडितांनींहि पुढें ग्रंथांतून शब्द घेतले. परत मिळविणें या अर्थाचें ‘रेकुपेरारे’ हें लॅटिन क्रियापद मुखानें झिजत आलें तेव्हां ‘रेकोब्रार’ झालें. ग्रंथांतून पुन्हा घेतलें तेव्हां ‘रेकुपेरार’ राहिलें. इंग्रजींत याची तंतोतंत प्रतिकृति आहे: फ्रेंचांतून झिजून आलेलें ‘रिकव्हर’ आणि ग्रंथांतून आलेलें ‘रिक्युपरेट’. मराठी घरांत वाढलेल्याला हें समजावून सांगावयास नकोच. ‘रक्ष्’ धातु मुखानें आला तो ‘राखणें’ झाला, आणि ग्रंथांतून आला तो ‘रक्षण’ म्हणून राहिला. आपले वैयाकरण पहिल्याला तद्भव आणि दुसऱ्याला तत्सम म्हणतात. शेताची राखण निराळी आणि देशाचें रक्षण निराळें. दोन वाटांनीं आलेल्या एकाच शब्दानें आपल्या भाषेंत दोन कामें वांटून घेतलीं आहेत.

या नात्यांत एक धोका आहे. रक्ताचें नातें म्हणजे स्वभावाचें साम्य नव्हे. स्पॅनिश ‘आसिस्तिर’चा नेहमींचा अर्थ हजर राहणें, इंग्रजी ‘असिस्ट’चा अर्थ साहाय्य करणें. मूळ लॅटिन अर्थ ‘जवळ उभें राहणें’ असा होता. एक नुसता उभा राहिला, दुसऱ्यानें हात लावला! ‘कोन्तेस्तार’ म्हणजे उत्तर देणें, आणि ‘कन्टेस्ट’ म्हणजे झगडणें. लॅटिनांत साक्षीदारास बोलावणें असा अर्थ होता, म्हणजे दोघेहि न्यायालयांतूनच बाहेर पडले. ‘प्रेतेन्देर’ म्हणजे अमुक साधण्याचा हेतु धरणें, हक्क सांगणें; इंग्रजी ‘प्रिटेंड’ म्हणजे सोंग करणें. इंग्रजांच्या इतिहासांत गादीवर हक्क सांगणाऱ्या स्टुअर्ट राजपुत्राला ‘प्रिटेंडर’ म्हणत, तेथें जुना अर्थ अजून दिसतो. आणि ‘त्राबाखार’ म्हणजे काम करणें, याची कथा तर विचार करावयास लावणारी आहे. ‘त्रिपालियुम’ या तीन खुंटांच्या छळयंत्रावरून हें क्रियापद निघालें, ही व्युत्पत्ति सामान्यतः मान्य आहे. स्पेनमध्यें त्या यातनेचें ‘काम’ झालें. इंग्रजींत त्याच्या आप्ताचा ‘ट्रॅव्हेल’ म्हणजे कष्ट आणि ‘ट्रॅव्हल’ म्हणजे प्रवास झाला. कष्टकऱ्यानें आपल्या कामाला आणि वाटसरूनें आपल्या वाटेला जें नांव दिलें, त्यांत त्या काळचें जिणें उमटलें आहे.

या लॅटिन घराण्याचीं मुळें आणखी खोल गेलीं आहेत. १७८६ सालीं कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढें सर विल्यम जोन्स यांनीं संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात असें मत मांडलें, आणि पुढील शतकानें तें सिद्ध केलें. त्यामुळें लॅटिन ‘विदेरे’ आणि आपला ‘विद्’ धातु हे चुलतभाऊ ठरतात. एकानें पाहण्याचा अर्थ राखला, दुसऱ्यानें जाणण्याचा. ‘क्रेदेरे’ आणि ‘श्रद्धा’ हे शब्द जसे एकाच ओट्यावर वाढले. स्पॅनिशांत असणें याला दोन क्रियापदें आहेत: ‘सेर’ व ‘एस्तार’. पहिल्याचें हें मूळरूप बसणें या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आलें, आणि दुसरें उभें राहणें या अर्थाच्या. म्हणजे आपले ‘सद्’ आणि ‘स्था’. जाणें या क्रियापदाचा प्रकार तर थेट आपल्यासारखा आहे. स्पॅनिशांत जाणें म्हणजे ‘इर’, मी जातों म्हणजे ‘बोय’, आणि मी गेलों म्हणजे ‘फुई’. तीन निरनिराळ्या लॅटिन धातूंचीं हीं रूपें. आपणहि ‘जातों’ म्हणतों तो ‘या’ धातूवरून, आणि ‘गेलों’ म्हणतों तो ‘गम्’वरून. परकी भाषा शिकणारा मनुष्य अशा रूपांना अनियमित म्हणून कंटाळतो. वास्तविक जें क्रियापद रोज तोंडांत असतें, त्यालाच अशी अनियमितता परवडते.

१४९२ सालीं आन्तोनियो दे नेब्रिखा या स्पॅनिश विद्वानानें कास्तीलच्या लोकभाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें. आधुनिक युरोपीय भाषेचें तें पहिलें छापील व्याकरण होय. हा गृहस्थ मुळांत लॅटिनचा अध्यापक. लॅटिनवरील त्याचें पाठ्यपुस्तक १४८१ मध्येंच निघालें होतें. ज्या बोलीला त्या अज्ञात मास्तरानें चुकांची यादी म्हणून पाहिलें, तिच्यांत या दुसऱ्या मास्तरानें नियम पाहिले आणि ते राणी इझाबेलापुढें ठेविले. त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत कोलंबसानें स्पेनचा किनारा सोडला, आणि ‘ओक्लुस’ म्हणणाऱ्यांच्या वंशजांची भाषा समुद्रापार गेली.

मीहि शाळेंत आयुष्य घालविलें आहे, तेव्हां मुलांच्या वह्या तपासूं नयेत असें मी म्हणणार नाहीं. लेखनाला नियम हवाच. त्यावांचून एका गांवाचें पत्र दुसऱ्या गांवीं वाचतां येणार नाहीं. परंतु चुकीचें काय आणि हलकें काय, यांत फरक आहे. घरांतील मोलकरीण, शेतावरचा गडी किंवा खेड्यांतून आलेली आजी जो शब्द उच्चारते तो आपल्या पुस्तकांत नसेल, म्हणून तो नीच कुळांतला ठरत नाहीं. पुष्कळदां तोच सरळ वारसदार असतो आणि आपला पुस्तकी शब्द मागाहून आलेला पाहुणा असतो. आपल्या घरांतील मूल उद्यां असा एखादा शब्द आजीकडून ऐकून आलें, तर तो लागलीच खोडून न टाकतां त्याचें घराणें एकदां विचारून पाहावें.